पडदेबाईंची गाडी आणि समोरचीचा डावा हात

पडदेबाईंना रविवार कधी मिळालाच नाही. ज्या दिवशी सगळं जग पाय पसरून घरी बसतं त्याच दिवशी पडदे लावायचे असतात, कारण गिऱ्हाईक त्याच दिवशी घरी सापडतं. नवरा-बायको दोघंही सापडतात, म्हणजे रॉड किती उंचावर हवा यावर त्यांचं जे काही वाजायचं ते पडदेबाईंच्या समोरच वाजतं. बाई शिडीवर उभ्या, ओठांत स्क्रू धरलेले, हातात ड्रिल, आणि खाली दोघांची खडाजंगी. अशा वेळी त्या चकार शब्द बोलत नसत. ओठांत स्क्रू असले की गप्प राहायला निमित्त मिळतं.

हे काम त्या कुणाकडे शिकल्या नव्हत्या. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर कापडाचं दुकान चालवायच्या. मग एक दिवस नवऱ्यानं दुसरीकडे संसार थाटला. दुकान त्याच्याकडे गेलं, शिवणयंत्र आणि लेक बाईंकडे राहिली. नवऱ्यानं फसवलं याचं बाईंना फारसं नवल वाटलं नाही, त्या माणसाकडून त्यांची अपेक्षाच बेताची होती. त्यांनी डोळे पुसले आणि लोकांच्या खिडक्या मोजायला लागल्या. त्या दिवसांत लेकीला शाळेतून आणणं, तिला जेवू घालणं, तिचे पाढे घेणं, हे सगळं समोरचीनं केलं. न बोलावता, न विचारता, आणि पुढे कधी बोलूनही न दाखवता.

समोरची म्हणजे जिन्यापलीकडच्या दारातली. पहिल्या मजल्यावर दोघींची दारं एकमेकींकडे तोंड करून होती. बाईंचा फ्लॅट रस्त्याच्या बाजूला, समोरचीचा मागच्या, पार्किंगच्या बाजूला. समोरचीचे यजमान वारले, मुलगा नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला, बाईंची लेक लग्न होऊन गेली, आणि मग दोन्ही दारं दिवसभर उघडीच राहायला लागली. साखर कुणाची, वर्तमानपत्र कुणाचं, याचा हिशेब संपला होता.

सोसायटीची सभा रविवारी सकाळी भरायची. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्ष काउंटरवरच्या आवाजात बोलायचे, आणि हात वर करून ठराव व्हायचे. पडदेबाई त्या वेळी कुणाच्या तरी शिडीवर. सुरुवातीला एकदा पाण्याच्या पंपाचं काहीतरी त्यांच्या माघारी ठरलं, तेव्हा त्या वैतागून समोरचीला म्हणाल्या होत्या, "यापुढे माझा हात तुझ्याकडे ठेव. तुझं मत ते माझं मत."

समोरचीनं ते शब्दशः घेतलं. पुढच्या सभेपासून ती दोन्ही हात वर करायला लागली. उजवा स्वतःचा, डावा पडदेबाईंचा. पहिल्यांदा लोक पोट धरून हसले. तिसऱ्या मजल्यावरचे व्हिडिओकाका, जे सगळ्यांच्या फोनवर सकाळसंध्याकाळ व्हिडिओ पाठवायचे, ते म्हणाले, "वहिनी, पोलिसांनी धरलं की काय?" पण अध्यक्षांनी दोन मतं मोजली. एकदा मोजली म्हणून पुढच्या वेळीही मोजली, आणि मग तो त्या इमारतीचा रिवाजच होऊन बसला. कुणी नवीन भाडेकरू आला की त्याला लिफ्टचं बटण कुठलं दाबायचं ते सांगत, तसंच हेही सांगत.

बाईंकडे एक जुनी डिझेल व्हॅन होती. कापडाचे तागे, रॉड, शिडी, ड्रिल, सगळं तिच्यात. व्हॅन सुरू केली की आधी खोकायची, मग थरथरायची आणि मग चालायची. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार गिऱ्हाइकांची होती. कापड वास धरतं, त्यातून पांढरं तलम कापड तर फारच धरतं. एका नव्या घरात बाईंनी हौसेनं बसवलेले पडदे दुसऱ्या दिवशी घरमालकिणीनं काढायला लावले. "सगळ्या खोलीला ट्रकचा वास येतोय हो," असं ती नाकाला रुमाल लावून म्हणाली. बाईंनी ते पडदे धुतले, इस्त्री केली, पुन्हा त्याच व्हॅनमधून नेले आणि पुन्हा तेच ऐकून घेतलं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "विजेवरची गाडी घेते. धूर नाही, वास नाही. मला कुठे डोंगर चढायचेत? गावातल्या गावात तर फिरायचं."

हे त्यांनी जाहीर केलं ते दोघींनाच. फोनवर लेकीला आणि दारातल्या दारात समोरचीला. "गाडी दारात उभी राहिल्याशिवाय बोभाटा नको," असंही बजावलं.

शोरूममध्ये समोरची बरोबर होती. बाई शिडी घेऊन गेल्या होत्या. चकचकीत बुटांतला विक्रेता "मॅडम, मॅडम" करत मागे धावतोय, आणि बाई मागचं दार उघडून नव्या कोऱ्या सीटांवरून शिडी सरकवताहेत, असा देखावा झाला. शिडी मावली. बाई म्हणाल्या, "बास. पुढचं बोला."

पांढरा रंग बाईंना पसंत होता. समोरची म्हणाली, "पांढरा नको गं, रुग्णवाहिका दिसेल. शेजारीपाजारी विचारतील, कोण आजारी आहे? तो मोरपंखी घे." मोरपंखी ठरला.

"आणि चार्जिंग?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, मोबाइलसारखं आहे. झोपताना लावायचं, उठल्यावर फुल्ल. पार्किंग स्वतःचं आहे ना? मग झालं तर."

"सोसायटीची परवानगी लागत असेल."

"ती काय, फॉर्मॅलिटी असते."

समोरचीनं बाईंच्या पाठीवर थाप मारली. "परवानगीचं तू माझ्यावर सोड. तिथे माझे दोन हात आहेत."

विक्रेत्याला त्यातलं काही कळलं नाही, पण तो हसला. गिऱ्हाईक हसलं की हसायचं, एवढं त्याला शिकवलेलं होतं.

गाडी यायला बरेच आठवडे लागणार होते. मधल्या काळात एक सभा झाली. बाई त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याचे पडदे लावत होत्या. संध्याकाळी दमून आल्यावर त्यांनी नेहमीसारखं दारातूनच विचारलं, "काय झालं सभेत?"

"काही विशेष नाही," समोरची आतून म्हणाली. "टाकी धुवायचं ठरलं. व्हिडिओकाकांनी नेहमीसारखं डोकं खाल्लं. तू जेवलीस का?"

मोरपंखी गाडी आली. बाईंनी व्हॅन भंगारवाल्याला दिली आणि त्याच दिवशी समोरचीला शेजारी बसवून गावभर चक्कर मारली. गाडीचा आवाज नव्हता. सिग्नलला थांबल्यावर आपण थांबलोय की बंद पडलोय हे कळेना, म्हणून समोरची सारखी "चालू आहे ना गं?" विचारायची आणि बाई हसून हसून बेजार व्हायच्या. परत आल्यावर समोरचीनं गाडीच्या छतावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मोरपंखीच घ्यायला लावला ते बरं झालं." हे सांगायलाच हवं, कारण पुढे बाईंना सगळ्यांत जास्त हेच आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावलेला वायरमन आला. त्यानं मीटरच्या खोलीत बाईंचं मीटर शोधलं, तिथून पार्किंगपर्यंत पाइप कुठून न्यायचा याची खडूनं रेघ मारली. एवढ्यात अध्यक्ष खाली उतरले.

"हे काय चाललंय?"

"गाडीचं चार्जिंग बसवतेय, भाऊ. माझ्या मीटरवर, माझ्या खर्चानं. तुम्हाला सांगायला येणारच होते."

"पण बाई, तसा ठराव आहे ना. पार्किंगमध्ये कुठल्याही वाहनाचं चार्जिंग करायचं नाही. गेल्या सभेतच झाला."

चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं विजेवरची स्कूटर आणली होती आणि जिन्यातल्या दिव्याच्या प्लगमधून तिला वीज पाजली होती, ते अध्यक्षांच्या डोळ्यांत खुपलं होतं. त्यात व्हिडिओकाकांनी जळणाऱ्या स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. ती स्कूटर कुठली, कधीची, का पेटली, कुणालाच माहीत नव्हतं, पण ज्वाळा मोठ्या होत्या. लगेच ठराव झाला. सभेत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं की पडदेबाई गाडी घेणार आहेत. ते फक्त एकीलाच माहीत होतं.

"मला कुणी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

"असं कसं? एकमतानं झालाय." अध्यक्ष खरोखरच गोंधळले होते. "तुमचाही हात होता की."

वायरमननं खडू खिशात टाकला. "ठरलं की फोन करा, बाई," म्हणून तो निघूनही गेला.

पडदेबाई जिना चढून वर गेल्या. समोरचीचं दार उघडंच होतं. ती ओट्यापाशी उभी होती.

"आलीस? बस. चहा टाकते."

"सभेत काय झालं होतं?"

"कुठल्या सभेत?"

"जिच्यात माझा हात होता."

समोरचीनं आधण ठेवलं, साखर घातली. पाठ फिरवूनच बोलली. "अगं, तो डावा चुकून गेला. शपथ. तुला ठाऊक आहे ना मला किती वर्षांची सवय आहे, दोन्ही एकदमच जातात. वर गेल्यावर लक्षात आलं. मग खाली कसा घेणार? सगळे बघत होते. म्हणाले असते, ही का मध्येच हात काढते? मग तुझ्या गाडीचं सांगावं लागलं असतं, आणि तूच म्हणाली होतीस बोभाटा नको."

"बरं. डावा चुकून गेला."

"हो ना."

"आणि उजवा?"

चहा उकळून वर आला, ओट्यावर सांडला. समोरचीनं गॅस बंद केला आणि फडक्यानं पुसत राहिली. पुसून झालं तरी पुसत राहिली.

"माझ्या पलंगाच्या बरोब्बर खाली आहे तुझी जागा," अखेर ती म्हणाली. "तो व्हिडिओ मी मुलाला पाठवला होता. तो म्हणाला, आई, तू बॅटरीच्या डोक्यावर झोपणार? आणि उद्या फ्लॅट विकायला काढला तर कोण घेईल? त्याला माझी काळजी वाटते गं."

"त्याला फ्लॅटची काळजी वाटते. पण ते राहू दे, तुमच्या घरातलं आहे. तुला भीती वाटली तर मला का नाही सांगितलंस? तेव्हा गाडी यायची होती. मी बुकिंग रद्द केलं असतं. व्हॅन विकली नसती."

"तू इतकी खूश होतीस."

"म्हणून घेऊ दिलीस?"

"मला वाटलं, तू काहीतरी मार्ग काढशील. तू नेहमीच काढतेस."

"आणि वर माझ्या शेजारी बसून गावभर फिरून आलीस!"

"तू बोलावलंस म्हणून आले," समोरची म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. बाईंना त्याचाच संताप आला. फसवलं हिनं आणि रडायचंही हिनंच!

त्या दिवसापासून बाईंचं दार लागलं.

गाडी मात्र होती, आणि तिला वीज हवी होती. शोरूममधला विक्रेता फोनवर म्हणाला, "सोसायटीचा विषय आमच्याकडे येत नाही, मॅडम." लेक म्हणाली, "आई, परत कर ती गाडी." "परत घेत नाहीत. साडी आहे का ती, रंग पसंत नाही म्हणून द्यायला?" बाई लेकीवर खेकसल्या. खेकसायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

फरश्यांच्या एका मोठ्या दुकानामागे चार्जिंगची सार्वजनिक जागा होती. तिथे दोन मशिनं होती. एकाच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, म्हणजे ते गेलेलं. दुसरं चालायचं, पण त्याच्यापुढे बहुतेक वेळा फरश्या घ्यायला आलेल्या कुणाची तरी पेट्रोलची गाडी उभी असायची. त्या माणसाला शोधायला बाई दुकानात शिरायच्या. तो बायकोबरोबर न्हाणीघराच्या टाइल्स निवडण्यात गुंग. "पाचच मिनिटं," म्हणायचा. टाइल्स निवडणं आणि पडदे निवडणं यात पाच मिनिटं कधीच नसतात, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक? मग गाडी हलली की मशीन विचारणार, तुमच्या फोनमध्ये आमचं अॅप आहे का? ते घेतलं की म्हणणार, कार्ड वाचता येत नाही. एकदा सगळं जुळून आलं आणि मशीन सुरू झालं, तर आधी रांग लावून गेलेला एक गृहस्थ येऊन भांडायला लागला की माझा नंबर होता.

बाई चिवट होत्या. गाडीतच बसून त्या पडद्यांच्या कडा दुमडायला लागल्या. मांडीवर कापड, बोटात अंगुस्तान, काचा वर. एसीचा वारा सुरू केला की वीज खाल्ली जायची, म्हणून घामाघूम होऊन टाके घालायचे. गिऱ्हाइकांचे फोन यायचे. "बाई, आम्ही तासभर वाट बघतोय, पाहुणे येऊन बसलेत उघड्या खिडक्यांत!" आधी त्या खरं सांगायच्या, मग नुसतं "येते" म्हणायला लागल्या. पडद्यांना आता वास येत नव्हता, पण पडदे वेळेवर पोचत नव्हते. दवाखान्यानं पुढचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. ते कळलं त्या दिवशी बाई मशीनपुढे नुसत्याच बसून राहिल्या, सुईत दोराही ओवला नाही.

सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे गाडी उत्तम होती. तिच्यात काही खोट निघाली असती तर निदान तिला शिव्या देता आल्या असत्या.

शेवटी त्यांनी अध्यक्षांकडे जाऊन ठरावावर पुन्हा मत घ्यायला लावलं. त्या रविवारचं काम त्यांनी नाकारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वायरमनला बरोबर घेऊन त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. समोरची मागच्या ओळीत होती, मांडीवर पर्स घेऊन.

वायरमननं सगळं समजावलं. वीज बाईंच्याच मीटरवरून येईल. जाड केबल लोखंडी पाइपातून नेईन. काही बिघडलं तर स्विच आपोआप पडेल.

"आणि गाडी आपोआप पेटेल," व्हिडिओकाका म्हणाले.

"काका, तुमच्या गाडीच्या पोटात पेट्रोल आहे. ते काय गुलाबपाणी आहे?" बाई कडाडल्या.

लोक हसले. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "मला तर परवानगी द्यावीशी वाटते. पुढच्या वर्षी मीही अशीच घेणार आहे."

"म्हणजे आज एक बाई, उद्या तुम्ही, परवा दहाजण," एकजण म्हणाला. "इमारतीची मुख्य केबल जुनी आहे. ती बदलायची वेळ आली की खर्च सगळ्यांवर. आमच्याकडे गाडीच नाही, आम्ही का द्यायचा?"

हा मुद्दा खरा होता. बाईंनाही तो पटला, आणि पटल्यामुळेच जास्त लागला. त्या म्हणाल्या, "ती वेळ आली की जो चार्ज करतो त्यानं जास्त द्यावा. मी लिहून देते. पण तोवर मला पोटापाण्याचं बघू द्या. तुमच्यातल्या निम्म्यांच्या खिडक्यांवर माझे पडदे आहेत. मी कधी कुणाच्या घरात वाकडं भोक पाडलंय का?"

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. परवानगीच्या बाजूचे मोजले, मग विरोधातले मोजले, मग चष्मा पुसून दोन्ही पुन्हा मोजले. बरोब्बर निम्मे-निम्मे.

"एक मत कमी भरतंय," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी मागच्या ओळीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

समोरचीचे दोन्ही हात पर्सवर होते. ना बाजूनं उठले होते, ना विरोधात.

"काय वहिनी, आज दोन्ही खाली?" व्हिडिओकाका म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

"माझं काही मत नाही," समोरची म्हणाली. आवाज इतका बारीक होता की अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. "नाही म्हणजे... तुम्ही सगळे ठरवाल ते. मला कुणाला दुखवायचं नाही."

पडदेबाई मागे वळून तिच्याकडे बघत होत्या. ती विरोधात गेली असती तर बरं, असं त्यांना वाटून गेलं. निदान ती भित्री आहे, मुलाच्या आज्ञेत आहे, आपल्या पलंगापुढे तिला काही दिसत नाही, असं म्हणता आलं असतं. पण इतक्या वर्षांत दुसऱ्याचाही हात उचलणाऱ्या या बाईला आज स्वतःचाही जड झाला होता.

"समसमान झाली की आधीचा ठराव कायम," अध्यक्षांनी जाहीर केलं आणि खुर्च्या उचलायला सांगितल्या. दातांचे डॉक्टर बाईंजवळ येऊन म्हणाले, "वर्षभरानं पुन्हा प्रयत्न करू." वर्षभर खायचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. दातांचे डॉक्टर ते, त्यांचा संबंध चावण्याशी.

बाईंनी गाडी विकायला काढली. बघायला एक शाळेतली शिक्षिका आली, बरोबर तिचा भाऊ. त्यांचं बैठं घर होतं, फाटकाच्या आत प्लग होता. भावानं बॉनेट उघडलं आणि आत काय बघायचं असतं हे न कळून पुन्हा बंद केलं.

"इतक्या लवकर का विकताय?" शिक्षिकेनं विचारलं. "काही बिघाड आहे का? खरं सांगा हं."

"गाडीत काही नाही," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी गाडीचं सगळं खरं सांगितलं. वारा लावला की किती पळते, न लावता किती पळते, मागच्या सीटा पाडल्या की काय काय मावतं, पावसात काचेचे वायपर जरा आवाज करतात. मुलगी सासरी पाठवताना सांगावं तसं सांगितलं. शिक्षिका गाडी घेऊन फाटकाबाहेर पडली तेव्हा आवाजच झाला नाही, म्हणून ती कधी गेली ते बाईंना कळलं नाही. त्यांनी मान वर केली तेव्हा जागा रिकामी होती.

जुनीच पण पेट्रोलवरची एक व्हॅन त्यांनी मिळवली. तिला वास कमी होता. होताच, पण कमी. तलम कापड बाई आता प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून नेऊ लागल्या.

पुढच्या रविवारी सकाळी त्या शिडी घेऊन दाराबाहेर पडल्या. समोरचीचं दार किलकिलं झालं. ती बाहेर आली. बरेच दिवस मनात घोळवलेलं धीर करून बोलावं तशी बोलली.

"ऐक ना. मंगळवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. ते औषध घालतात, मग दिवसभर काही दिसत नाही. तुझ्या गाडीनं सोडशील का? त्या गाडीत धक्के बसत नाहीत."

"गाडी विकली," पडदेबाई म्हणाल्या.

"विकलीस?" समोरचीचा हात गालावर गेला. "अगं बाई! का गं? इतकी चांगली होती!"

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्यांच्याकडे उत्तरं तयार होती. फरश्यांच्या दुकानामागे घामात बसून एकेक घासूनपुसून ठेवलेली, लागेल अशी. पण समोरची ढोंग करत नव्हती. तिनं ठरावाला हात वर केला, मग हात आवरला, आणि तिच्या लेखी गोष्ट तिथेच मिटली होती. गाडी का गेली हे तिला खरंच कळलं नव्हतं. ती उत्सुकतेनं, काळजीनं, अगदी जिव्हाळ्यानं विचारत होती.

पडदेबाईंनी शिडी खांद्यावर चढवली. जिना अरुंद होता, शिडी लांब होती, आणि समोरची बरोबर वळणावर उभी होती.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या. "लागेल तुला."